पाटाची बायको

सियाबीद गावात सलग दोन हिवाळे बर्फ पडला नाही. डोंगर उघडाबोडका राहिला, खरूज झालेल्या गाढवाच्या पाठीसारखा. त्या डोंगराच्या पोटातलं पाणी गावापर्यंत आणणारा भुयारी पाट कुणा पणज्याच्या पणज्यांनी खणलेला होता. वर माळावर त्याच्या विहिरींची तोंडं एका ओळीत दिसायची, प्रत्येकीभोवती उपसलेल्या मातीचं गोल कडं. खाली, गावाच्या वरच्या अंगाला, पाटाचं तोंड होतं. तिथून पाणी बाहेर पडायचं. एके काळी त्या पाण्यावर पिठाची चक्की फिरायची. आता मनगटाएवढी धार यायची आणि दुपार झाली की तीही दमायची.

त्यात फिरंगी लष्करं देशात घुसली. हमरस्त्यावरून दिवसभर ट्रका जायच्या आणि बाजारातला गहू कुठं जायचा ते कुणाला कळायचं नाही. शहरातला गालिच्यांचा व्यापारी दर दोन महिन्यांनी लोकर पाठवायचा, त्यानं निरोप धाडला, "आता गालिचे घेतो कोण? लोकांना भाकरी मिळेना." त्या दिवसापासून खावरच्या घरातला माग रिकामा उभा होता. उभे दोरे तेवढे ताणलेले. तिची दहा वर्षांची पोर, तूबा, सवयीनं मागासमोरच्या फळीवर जाऊन बसायची. सातव्या वर्षापासून तिनं त्या मागावर गाठी मारल्या होत्या. बोटांची टोकं चामड्यासारखी टणक झाली होती आणि पाठीला थोडा बाक आला होता. आता त्या बोटांना दुसरं काम लागलं होतं. सकाळी उठायचं, माळावर जाऊन काटेरी झुडपं मुळासकट उपटायची, वाटेत शेण दिसलं तर पदरात घ्यायचं, आणि घरी येऊन वाळलेली तुती कुटायची. तुतीच्या भुकटीत मूठभर जवाचं पीठ मिसळून आई भाकरी थापायची. ती भाकरी गोड लागायची आणि पोटात दुखायचं.

तूबाचा बाप, रजब, पाट उपसणारा खणकरी होता. दोन वर्षांपूर्वी वसंतात तो गाळ काढायला आत गेला आणि सहाव्या विहिरीपाशी छत बसलं. गावानं एक दिवस माती उपसली. दुसऱ्या दिवशी वरून आणखी एक दरड आली, एका माणसाचा पाय मोडला आणि लोक बाहेर आले ते पुन्हा आत गेले नाहीत. रजबला कबर मिळाली नाही. मुल्लानं पाटाच्या तोंडाशीच दुआ म्हटली.

एका दुपारी गावचा मुखिया, सगळे त्याला कदखुदा म्हणायचे, आणि मशदी कुरबान असे दोघं खावरच्या दाराशी आले. मशदी कुरबान पाण्याच्या पाळ्या वाटायचा. म्हातारा माणूस. एका डोळ्यात फूल पडलेलं, हातात खुणा पाडलेली काठी. तरुणपणी तोही खणकरीच होता. रजबला ते काम त्यानंच शिकवलं होतं.

"खावर, बस," कदखुदा म्हणाला. "आडवळण घेत नाही. गाझी म्हातारी जाऊन दोन वर्षं होतील."

"अल्ला तिला चांगली जागा देवो."

"तेव्हापासून पाटाला बायको नाही."

ओसरीवर तुती कुटणारा तूबाचा हात थांबला. गाझी म्हातारी तिला आठवत होती. केस कायम ओले. पोरं तिच्यामागून ओरडायची, "पाटीणबाई, नवरा काय म्हणतो?" आणि म्हातारी म्हणायची, "तुझ्या बापापेक्षा कमी घोरतो."

"पाट चिडलाय," मशदी कुरबान म्हणाला. "मी रोज मोजतो पाणी. माझ्या आजाच्या काळी असंच झालं होतं. एक विधवा दिली त्याला, महिन्यात चक्की फिरली."

"म्हणून माझ्याकडं आलात?"

"तुला त्रास काहीच नाही गं. दर दहा दिवसांनी आत जायचं. एकटीनं. दुसऱ्या विहिरीपर्यंत. अंगावरचं सगळं उतरवून आंघोळ करायची आणि यायचं. गाव तुला महिन्याला पोतंभर गहू देईल."

"आणि दुसरा नवरा करायचा नाही," कदखुदा म्हणाला.

"दाराशी रांगच लागलीय ना!" खावर म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "मशदी, माझा माणूस त्यानं गिळला. हाडाला माती मिळाली नाही त्याच्या. आणि त्यालाच मी कबूल म्हणू?"

"रजबही तिथंच आहे असं समज," कदखुदा म्हणाला. बोलून झाल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नाही. तो दाढी खाजवायला लागला. मशदी कुरबान काठीकडं बघत राहिला.

"नसेल जमत तर राहू दे. वरच्या आळीतली विधवा तयार आहे."

खावर उत्तर देणार होती, पण तिची नजर धाकट्या पोरावर, सफरवर गेली. चार वर्षांचा सफर भिंतीशी बसून नखानं माती खरवडत होता आणि ती चाटत होता. तिथं भिंतीला ताटलीएवढा खड्डा झाला होता.

"गहू कधी मिळेल?" खावरनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बिलकीसनं गडग्यावरून मान वर काढली. "खरं का गं ऐकलं ते? पाटाशीच पाट लावतीस म्हणे!"

"खरं आहे."

"भाग्याची आहेस बाई. मारणार नाही, शिव्या देणार नाही, खायला मागणार नाही."

"अदलाबदल करू मग. तुझा दे मला."

बिलकीस तोंडावर पदर घेऊन हसली. पण हसता हसता तिनं तूबाकडं पाहिलं आणि मान गडग्याआड घेतली.

लग्न शुक्रवारी लागलं. बायकांनी खावरच्या डोळ्यात सुरमा घातला, एकीनं आरसा धरला, पोरांनी डफ वाजवला. पाटाच्या तोंडाशी पोचल्यावर मात्र डफ आपोआप थांबला. थंडीत पाटातलं पाणी कोमट असायचं. तोंडातून वाफ बाहेर पडत होती, झोपलेल्या जनावराच्या नाकातून पडावी तशी. मुल्लानं खावरला तीनदा विचारलं, तिनं तिसऱ्यांदा मान डोलावली. मग त्यानं भुयाराकडं तोंड करून विचारलं आणि पाटाच्या वतीनं मशदी कुरबान म्हणाला, "कबूल."

त्याच वेळी आत खोलवर कुठंतरी ठक्क वाजलं. एकदाच.

"कबूल केलं त्यानं!" कुणीतरी ओरडलं आणि बायकांनी जिभा हलवून एकच कल्लोळ केला. तूबानं आईचा हात धरला होता. आईची नजर मशदी कुरबानवर होती. म्हातारा काठी टेकत मागं सरकत होता.

त्या संध्याकाळी घरात गव्हाची भाकरी झाली. सफरनं एवढी खाल्ली की ओकला, आणि पुन्हा खायला बसला.

मग दर दहा दिवसांनी मायलेकी पाटावर जायच्या. आई आत जायची. तूबा कोरडे कपडे छातीशी धरून तोंडाशी बसायची. पाणी आतून वाहत यायचं आणि त्याच्याबरोबर आवाज यायचे. आईच्या पावलांचा चुबूक चुबूक, मग नुसतं पाणी, मग पाणी अंगावर ओतल्याचा सपकारा. आणि त्याच्याही पलीकडून, फार लांबून, ठक्. थोडं थांबून, ठक्. ठक्.

पहिल्या खेपेला आई बाहेरच्या गारठ्यात आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले. तूबानं तिला कपडे घातले, वेणी पिळली.

"आई, आत कोण ठोकतंय?"

खावरनं तिच्या थोबाडीत मारली. आईनं तिला कधी मारलं नव्हतं. दोघी घरी आल्या. वाटेत वाऱ्यानं आईचे ओले केस गोठून काडीसारखे ताठ झाले होते.

दोन महिने झाले. पाणी वाढलं नाही. मशदी कुरबान रोज काठी बुडवून बघायचा आणि मान हलवायचा. लोक कुजबुजायला लागले. "बाई मनापासून जात नाही." "जुना नवरा सोडत नसेल." बिलकीसच्या नवऱ्यानं तर भर चौकात म्हटलं, "पोतंभर गहू खाते आणि नवऱ्याला दोन शब्द गोड बोलवत नाही तिला!" खावर पाण्याचा हंडा घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली नाही, पण घरी येईपर्यंत हंड्यातलं अर्धं पाणी सांडलं होतं.

सातव्या खेपेच्या आदल्या दिवशी खावर तापानं पडली. छातीत घुरघुर, डोळे लाल. सकाळी ती उठायला गेली आणि चुलीशीच बसली.

"उद्या जाईन," ती म्हणाली.

पण उद्या चालणार नव्हतं. चुकली तर गहू बंद, असं कदखुदानं बजावलं होतं. पोत्यात तळाला चार ओंजळी उरल्या होत्या. आईला ग्लानी आली तेव्हा तूबानं तिची काळी चादर डोक्यावरून घेतली, खाली पायात येत होती ती कमरेला खोचली आणि सफरला म्हणाली, "आईजवळ बस. कुणी आलं तर सांग, आई पाटावर गेलीय." तिनं तेलाचा छोटा दिवा आणि काडीपेटी घेतली. गावातली माणसं ऊन खात भिंतींना टेकून बसली होती. डोक्यापासून झाकलेली, वाकून चालणारी पाटाची बायको लांबून गेली, कुणी वर पाहिलं नाही. पाटाच्या बायकोकडं त्या दिवशी बघू नये अशी रीत होती.

आत शिरल्याबरोबर ऊब अंगावर आली. पाणी घोट्यापर्यंत. मोठ्या माणसाला वाकून जावं लागायचं, तूबाला थोडी मान लववली की पुरे होत होतं. भिंतींवर जुन्या कुदळींचे घाव होते, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. पहिल्या विहिरीखाली वरून उजेड पडत होता. दुसरीखालीही. तिथं तिनं कपडे उतरवून कपारीत ठेवले, डोक्यावरून पाणी ओतलं आणि आईसाठी म्हणून मोठ्यानं म्हणाली, "मी आले हो."

ठक्. ठक्. ठक्.

आता आवाज लांबचा नव्हता.

तिनं कपडे घातले. परत फिरायला हवं होतं. पण तिला एक विचार आला, साधाच. आत कुणी काम करत असेल तर पाणी का वाढत नाही? बापानं तिला शिकवलं होतं, ज्योत लहान झाली की मागं फिरायचं, मोठी आहे तोवर भ्यायचं नाही. ज्योत सरळ होती. ती पुढं निघाली.

तिसरी विहीर. चौथी. पाचवी. तिथून पुढं उजेड नव्हता. पाणी कमी कमी होत गेलं आणि मग समोर मातीच उभी राहिली, खालपासून वरपर्यंत. बुडाशी दगडांच्या फटीतून पाणी पाझरत होतं. हीच ती जागा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

तिनं मातीवर पंजा ठेवला. ठक्. घाव हाताला कळला. गाईच्या पोटावर हात ठेवला की आतलं वासरू कळतं, तसा. तिनं एक दगड उचलला आणि मातीत रुतलेल्या मोठ्या धोंड्यावर तीनदा आपटला.

आतून तीनदा उत्तर आलं.

"बाबा?"

सगळं थांबलं. पाणीसुद्धा थांबलं असं तिला वाटलं. त्या शांततेत कुणीतरी कान देऊन ऐकत होतं. ती ऐकणाऱ्याला बघू शकत नव्हती, पण दोघांच्या मध्ये फक्त माती होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा घाईनं. ठक् ठक् ठक्.

तूबा गुडघ्यांवर बसली आणि बुडाशी उकरायला लागली. गाठी मारणारी बोटं मातीत कशी शिरायची ते त्यांचं त्यांनाच कळत होतं. कोंबडीएवढा एक दगड हलला, निसटला, आणि त्यामागून पाण्याचा लोट तिच्या पोटावर आदळला. दिवा विझला. ती कोलमडली, उठली आणि भिंत चाचपत उजेडाकडं पळत सुटली.

दुपारपर्यंत गावात बोंब झाली. पाटाला मांडीएवढं पाणी आलं होतं. गढूळ, लाल, पण पाणी! पोरं त्यात उड्या मारत होती, म्हाताऱ्या चेहरे धूत होत्या. बिलकीसच्या नवऱ्यानं एक कोंबडा कापून खावरच्या दारात आणून दिला. खावरला यातलं काही कळत नव्हतं. तूबानं तिला त्या कोंबड्याचं पाणी पाजलं, वाटी वाटी. पोर खोटं बोलली नाही, आणि खरंही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी खावरचा ताप उतरला, आणि त्याच दिवशी कदखुदा आणि मशदी कुरबान पुन्हा आले. या वेळी मुल्लाही बरोबर होता.

"पाटाच्या तोंडाशी, काठावरच्या चिखलात पावलं आहेत," मशदी कुरबान म्हणाला. त्यानं काठीवर अंगठ्यानं माप दाखवलं. "एवढी. आत जाणारी आणि बाहेर येणारी. ही तुझी पावलं नाहीत, खावर."

खावरनं तूबाकडं पाहिलं. तूबानं खाली.

"आम्ही रागावलो नाही," कदखुदा घाईनं म्हणाला. "उलट! त्यानं दाखवून दिलं ना त्याला कोण पाहिजे ते. तुझी फारकत मुल्ला करून देतील. शुक्रवारी पोरीचा निकाह लावू. गहू दुप्पट."

"दहा वर्षांची आहे ती."

"त्याला कुठं संसार करायचाय तिच्याशी? आंघोळ तेवढी. जन्मभर पोटाची काळजी नाही."

"आणि लग्न? पोरंबाळं?"

मुल्ला माळेचे मणी ओढत होता.

"शुक्रवारला चार दिवस आहेत," खावर म्हणाली. "विचार करते."

ते गेल्यावर तिनं दार लावलं आणि तूबाला समोर बसवलं. "काय केलंस ते सांग. सगळं सांग."

तूबानं सांगितलं. माती, दगड, तीन ठोके. आई मारेल म्हणून तिनं बोलताना गाल हातानं झाकला होता. पण खावर हललीसुद्धा नाही.

"तू तीन मारलेस?"

"हो."

"आणि तिकडून तीन."

"हो."

खावरनं रिकाम्या मागाचा एक ताणलेला दोरा बोटानं ओढला. मग म्हणाली, "मलाही येतो तो आवाज. लग्नापासून नाही. छत बसलं त्या दिवसापासून. दोन दिवस मी पाटाच्या तोंडाशी बसून होते. मी म्हटलं, मशदी, ऐक, तो जिवंत आहे, तो ठोकतोय. मशदीनं कान लावला. म्हणाला, रजब गेला पोरी. हा त्याचा आवाज नाही. आत राहणारे माणसाचा आवाज काढतात, दुसऱ्याला बोलवायला. त्यामागं जाणारा परत येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. खावरनं फावडं घेतलं, तूबानं टोपली. सफरला बिलकीसकडं ठेवला. "कुठं निघालात?" बिलकीसनं विचारलं. "नवऱ्याकडं," खावर म्हणाली.

पाटाच्या तोंडाशी मशदी कुरबान काठी बुडवून उभा होता. फावडं बघून तो आडवा आला. "खावर, नको! त्याला डिवचू नकोस. पाणी देतोय ना तो!"

"बायको आहे मी त्याची. घर झाडायला चाललेय."

"अगं, छत कच्चं आहे तिथं!"

"मग आत येऊन टेकू दे. तू खणकरी ना?"

म्हाताऱ्यानं काठी पाण्यातून काढून घेतली. तो बाजूला झाला.

पहिला दिवस नुसता सैल माती ओढण्यात गेला. खावर खोदायची आणि खोकायची. तूबा टोपली भरून पाचव्या विहिरीपर्यंत ओढत न्यायची आणि तिथल्या रुंद जागी ओतायची. घरच्या मागाच्या दोन फळ्या काढून आणल्या होत्या, त्या खावरनं डोक्यावर टेकवल्या. हातांना फोड आले, फुटले. बोलणं कुणीच करत नव्हतं, कारण आवाज सारखा चालू होता. त्या थांबल्या की तो थांबायचा. त्या लागल्या की तो लागायचा. जेवायला बसल्या तेव्हा तूबानं भाकरीचा तुकडा मोडला आणि नकळत एक तुकडा मातीच्या बाजूला ठेवला. आईनं पाहिलं आणि तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी पाटाच्या तोंडाशी अर्धं गाव उभं होतं. कुणी शिव्या देत नव्हतं, कुणी मदतीलाही येत नव्हतं. फक्त बिलकीसनं पुढं होऊन दिव्याच्या तेलाची बाटली तूबाच्या हातात कोंबली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज एवढा जवळ आला की प्रत्येक घावाला मातीचे कण तूबाच्या पापण्यांवर पडायचे. खावरनं फावडं उगारलं. समोरून ठक् झालं. तिनं मारलं. समोरून ठक् झालं. तिनं पुन्हा मारलं आणि फावडं रिकाम्या जागेत गेलं.

समोरून काही आलं नाही.

भोकातून जुनी, कोंडलेली हवा बाहेर आली आणि ज्योत लहान झाली. मग हळूहळू सरळ झाली. खावरनं हातानं माती पाडली आणि दिवा आत धरला.

दोन दरडींच्या मध्ये चार पावलांची जागा होती. रजब गुडघ्यांवर होता, त्यांच्याकडं तोंड करून, कपाळ मातीला टेकलेलं, नमाज पढत असल्यासारखा. खणकऱ्याचे पांढरे कपडे अंगावर होते, अंग उरलं नव्हतं. त्याच्यापासून फावड्यानं पाडलेल्या भोकापर्यंत हातभर लांब बोगदा होता, त्यानं खोदलेला. त्याच्यामागं उपसलेली माती नीट रचून ठेवली होती, शिकलेला माणूस रचतो तशी.

तूबा ओरडली नाही. तिनं बापाच्या खांद्यावरचा कपडा हातात धरला. तो ओला होता, आणि कोमट. पाणी कोमट असतं म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं. खावरनं आपली चादर काढली आणि त्याच्यावर टाकली.

"आलो बघ," ती म्हणाली. "उशीर झाला."

रजबला त्याच दिवशी माती दिली. सगळं गाव आलं. पाट त्या संध्याकाळपासून भरून वाहू लागला, स्वच्छ, काठोकाठ, आणि दोन दिवस कुणी त्यातलं पाणी प्यायलं नाही. बायका वाहत्या पाण्याशी हंडे घेऊन उभ्या राहायच्या आणि एकमेकींची वाट बघायच्या.

शुक्रवारी निकाहाचा विषय निघाला नाही. शनिवारी सकाळी मशदी कुरबान एकटाच आला, पाठीवर गव्हाचं पोतं. एवढं ओझं त्याच्यानं पेलवत नव्हतं, ते कळत होतं. त्यानं पोतं उंबऱ्याशी टाकलं आणि तिथंच खाली बसला.

"पोरीचं नाव आता कुणी काढणार नाही," तो म्हणाला. "मी सांगितलंय सगळ्यांना. तुलाही मोकळं केलंय मुल्लानं." मग बराच वेळ तो धापा टाकत राहिला. "खावर, मला तेव्हा खरंच वाटलं होतं. कुराणाची शपथ. माझ्या बापानं मला तेच शिकवलं होतं. आवाजामागं जायचं नाही."

"दोन दिवस आवाज येत होता, मशदी."

"दोन दिवस. हो. मग बंद झाला. माझ्या कानानं मी ऐकलंय बंद झालेला." तो रडत होता. फूल पडलेल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं. "दोन दिवसच जगला बिचारा. फार नाही."

खावर उठली. आतून तिनं एक वस्तू आणली आणि त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली. रजबच्या हाताशी सापडलेली कुदळ होती ती. आखूड दांड्याची, खणकऱ्याची.

मशदी कुरबाननं ती उचलली. दांडा ओळखीचा होता. त्याच्यावरून त्यानं हात फिरवला. "मीच आणून दिली होती. त्याच आठवड्यात. नवंकोरं पातं, लोहाराकडून, वीतभर..."

तो थांबला. त्यानं चांगला डोळा जवळ नेला. वीतभर पात्याचं बोटाच्या एका पेराएवढं लोखंड उरलं होतं. टोक गोल, गुळगुळीत, गोट्यासारखं.

"मऊ माती आहे ती," म्हातारा पुटपुटला. "हातभर खोदायला... दोन दिवसांत पातं असं झिजत नाही."

"मग किती दिवसांत झिजतं?" खावरनं विचारलं.

म्हाताऱ्यानं गोल टोकावर अंगठा फिरवला. मग त्यानं कुदळ मांडीवर ठेवून दिली.

आत सफर भूक भूक करत होता. तूबानं पोत्याची गाठ सोडली, दोन ओंजळी गहू सुपात काढला आणि उन्हात बसून खडे निवडायला लागली.